काशीवास : आश्रय आणि पहारा

काशीच्या घाटांच्या दक्षिण भागात, आज चेतसिंह घाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, गंगेच्या अगदी काठावर एक किल्लेवजा वाडा उभा आहे. शिवाल्याचा वाडा हे त्याचे जुने नाव. १६ ऑगस्ट १७८१ रोजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने राजा चेतसिंहास याच वाड्यात, त्याच्या स्वतःच्या घरात, कैद केले. कंपनीच्या युद्धखर्चासाठी मागितलेली जादा रक्कम राजाने वेळेवर भरली नाही, हे त्याचे निमित्त. कैदेची वार्ता पसरताच राजाची माणसे रामनगराहून नदी ओलांडून आली. पहाऱ्यावरील शिपाई आणि त्यांचे तीन गोरे अधिकारी मारले गेले. त्या गोंधळात चेतसिंह एकमेकांस बांधलेल्या पागोट्यांच्या आधाराने खिडकीतून खाली उतरला आणि नावेत बसून निसटला. खुद्द हेस्टिंग्जलाही जीव वाचविण्यासाठी चुनारचा किल्ला गाठावा लागला. पुढे कंपनीचे सैन्य आले, चेतसिंहाचे राज्य गेले आणि तो ग्वाल्हेरीस महादजी शिंद्यांच्या आश्रयास गेला. तेथेच १८१० मध्ये त्याचे निधन झाले.

रिकामा झालेला वाडा सरकारजमा झाला. पुढे तेथे नवे बिऱ्हाड आले, ते दिल्लीहून पळून आलेल्या एका मोगल शहजाद्याच्या कुटुंबाचे. ज्या घरातून एक राजा परागंदा होऊन मराठ्यांच्या पदरी गेला, तेच घर सरकारने दुसऱ्या परागंदा कुळास राहावयास दिले. यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे कंपनी सरकारने काशीत आश्रितांच्या आणि पदच्युतांच्या निवासाची एक रीतसर व्यवस्थाच चालविली. तिचा इतिहास मराठी वाचकास परका नाही. त्या यादीत पेशव्यांचे दोन बंधू आहेत आणि साताऱ्याचे एक छत्रपतीही आहेत. आसरा देणे आणि अडकवून ठेवणे यांतील सीमारेषा किती पुसट असू शकते, हे या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

क्षेत्राचा जुना आश्रयधर्म

कंपनी येण्यापूर्वीही काशी हे आश्रयाचे नगर होतेच. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी विद्वत्तेच्या बळावर साऱ्या उत्तर हिंदुस्थानात मान्यता मिळविली, आणि त्याच कुळातील गागाभट्ट शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. पुढे मराठी सरदारांनी तेथे घाट बांधले, वाडे उभारले, अन्नछत्रे घातली. अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. काशीत येणाऱ्यास कोणी कारण विचारीत नसे. कोणी विद्येसाठी येई, कोणी वैधव्याचे दिवस कंठण्यासाठी, कोणी भाऊबंदकीला कंटाळून, तर कोणी मरणाची वाट पाहत. राहण्याची सोय घरमालक करी, जेवणाची सोय छत्र करी, आणि परत जावयाचे की नाही हे ज्याचे तो ठरवी.

१७७५ मध्ये अयोध्येच्या नबाबाने बनारसचा प्रांत कंपनीच्या स्वाधीन केला. काशीत रेसिडेंट बसला. शेजारी चुनारचा किल्ला कंपनीच्या ताब्यात होता, आणि गंगेचा जलमार्ग थेट कलकत्त्याच्या दिशेने जात होता. कंपनीच्या हिशेबी डोक्याला या क्षेत्राचे आणखी एक वैशिष्ट्य लवकरच उमगले. एखाद्या हिंदू राजास दूरच्या किल्ल्यात कोंडले तर त्याच्या प्रजेत चलबिचल होई. त्यालाच काशीस पाठविले, तर त्यास ‘काशीवास’ म्हणता येई. शिक्षेला तीर्थयात्रेचे नाव मिळाले की ती अर्धी झाकली जाते.

दिल्लीचा शहजादा

या व्यवस्थेचा आरंभ मात्र शिक्षेतून झाला नाही. १७८४ च्या एप्रिल महिन्यात बादशहा शाह आलम याचा वडील मुलगा जवानबख्त हा दिल्लीच्या किल्ल्यातून रात्रीच्या वेळी छपरावरून निसटला आणि लखनौस पोहोचला. हेस्टिंग्ज त्या वेळी लखनौतच होता. दरबारातील सरदारांनी बादशहास बाहुले करून ठेवले होते. त्यांच्याविरुद्ध साहाय्य मागावयास शहजादा आला होता. म्हणजे आजच्या भाषेत तो खराखुरा आश्रयार्थी होता. हेस्टिंग्जने त्याचा सन्मान केला, परंतु सैन्य दिले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार हाती घेतला आणि शहजाद्याची आशा आणखी मावळली. अखेर तो काशीस स्थिरावला आणि १७८८ मध्ये तेथेच वारला. त्याचे वंशज पुढे अनेक दशके शिवाल्याच्या वाड्यात सरकारी तनख्यावर राहिले.

या पहिल्याच प्रकरणात पुढील पद्धतीची सारी अंगे दिसतात. निवास सरकारच्या ताब्यातील वाड्यात. तनख्याचा बोजा कंपनीवर नव्हे, तर अयोध्येच्या नबाबावर. देखरेख रेसिडेंटची. ज्या कामासाठी मनुष्य आला, ते काम मात्र बाजूस पडलेले. मदत मागावयास आलेल्यास घर मिळाले, आणि घर मिळाल्यावर त्याने आणखी काही मागू नये, अशी अपेक्षाही त्याबरोबरच आली.

वजीर अलीचा धडा

१७९८ च्या जानेवारीत कंपनीने अयोध्येचा तरुण नबाब वजीर अली यास गादीवरून दूर केले आणि काशीस आणून ठेवले. त्यास वर्षास दीड लाख रुपयांचा तनखा ठरला. माधोदासाच्या बागेत त्याचा मुक्काम होता. १७८१ मध्ये हेस्टिंग्ज ज्या बागेत उतरला होता, तीच ही बाग. वजीर अलीबरोबर मोठा लवाजमा होता, हत्यारबंद माणसे होती, आणि तो कोणास भेटतो यावर फारसे नियंत्रण नव्हते. सरहद्दीपलीकडे आपले जुने राज्य, आणि आपण इतक्या जवळ, ही गोष्ट त्याला आणि कंपनीलाही स्वस्थ बसू देईना. त्याला कलकत्त्यास हलविण्याचे ठरले.

१४ जानेवारी १७९९ रोजी सकाळी तो गव्हर्नर जनरलचा एजंट चेरी याच्याकडे फराळास गेला. बोलता बोलता वाद पेटला आणि चेरीसह काही इंग्रज तेथेच कापले गेले. न्यायाधीश सॅम्युएल डेव्हिस याने आपल्या घराच्या अरुंद जिन्यावर हाती भाला घेऊन एकट्याने हल्ला रोखून धरला आणि सैन्य येईपर्यंत कुटुंबाचे प्राण वाचविले. वजीर अली पळाला आणि जयपूरच्या राजाच्या आश्रयास गेला. जयपूरकरांनी शरणागतास कंपनीच्या हवाली केले, मात्र त्याचा प्राण घेऊ नये आणि पायांत बेड्या घालू नयेत, अशी अट घातली. कंपनीने अट अक्षरशः पाळली. बेड्या घातल्या नाहीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पिंजऱ्यासारख्या कोठडीत त्याला ठेवले, आणि १८१७ मध्ये तो कैदेतच मेला.

या घटनेने कंपनीला दोन गोष्टी शिकविल्या. पदच्युत मनुष्यास त्याच्या राज्याच्या वेशीवर ठेवू नये, आणि त्याच्याबरोबरच्या माणसांची गणती ठेवावी. यानंतर काशीत जो कोणी आला, त्याच्या दाराशी पहारा आणि कागदावर हिशेब, हे दोन्ही वाढत गेले.

नेपाळचा संन्यासी राजा

पुढच्याच वर्षी, १८०० मध्ये, नेपाळचा राजा रणबहादूर शाह काशीस आला. तान्ह्या मुलास गादीवर बसवून त्याने संन्यास घेतला होता, पण काठमांडूतील राजकारणाने त्याला देश सोडावयास लावले. हा पाहुणा कंपनीस अतिशय सोयीचा वाटला. नेपाळात शिरकाव करण्याचा मार्ग ती फार दिवस शोधीत होती. तिने राजास मानाने वागविले, कर्ज दिले, आणि त्याचा काशीतील मुक्काम हाच काठमांडूशी बोलणी करण्याचा आधार केला. ऑक्टोबर १८०१ च्या तहात या परदेशस्थ राजाच्या खर्चाची तरतूद नेपाळ दरबाराने करावी असे ठरले, आणि लगेच कंपनीचा रेसिडेंट कॅप्टन नॉक्स काठमांडूस गेला.

आश्रय दिलेल्या माणसाचा असा उपयोग करून घेतल्यावर त्याची गरज किती दिवस राहणार? १८०४ च्या आरंभी कंपनीने तह रद्द केला आणि राजा मायदेशी परतला. ललिता घाटावरील लाकडी कोरीवकामाचे नेपाळी मंदिर त्याच्या या वास्तव्याची आठवण सांगते. त्याने आरंभिलेले ते बांधकाम त्याच्या पश्चात पुरे झाले. पुढे काशीत आलेल्या किती तरी राजांना परतीची वाट कधीच मिळाली नाही. रणबहादुराला ती मिळाली, यामागे दयेपेक्षा व्यवहार अधिक होता.

पेशव्यांची कुळे

मराठी राज्याच्या शेवटच्या पर्वात काशीची वाट पुण्याहूनही रुळली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले. बाजीराव पळाला आणि वसईस जाऊन कंपनीशी तह करून बसला. त्याच्या जागी कारभार पाहणारे अमृतराव, म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, यांच्याशी जनरल वेलस्ली याने १८०३ मध्ये करार केला. लक्षावधी रुपयांच्या वार्षिक तनख्यावर अमृतरावांनी दक्षिणेचे राजकारण सोडले. काशी आणि चित्रकूटाजवळील कर्वी येथे त्यांचे उत्तरायुष्य गेले. काशीत त्यांनी घाट बांधला, देवालये उभारली, अन्नदान केले. राज्य नाही, फौज नाही, परंतु तनखा आहे, अशा मनुष्याला आपले मोठेपण दाखविण्यास दानधर्म एवढीच वाट उरते. काशीतील कित्येक देखण्या वास्तूंमागे अशा अडकून पडलेल्या पुरुषार्थाचा इतिहास आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याने कुटुंबासह हिंदुस्थानात जावे, काशीत किंवा गव्हर्नर जनरल ठरवील अशा अन्य पवित्र क्षेत्री राहावे, आणि त्यास वर्षास आठ लाखांपेक्षा कमी तनखा असू नये, असे ठरले. या कलमात वरवर पाहता पेशव्याच्या धर्मभावनेचा आदर दिसतो. क्षेत्र कोणते, याचा निर्णय मात्र पेशव्याचा नव्हता. त्याला काशी मिळाली नाही. कानपुराजवळचे ब्रह्मावर्त मिळाले. तेथे त्याच्यावर देखरेखीसाठी कमिशनर नेमला गेला, आणि १८५१ मध्ये मरण येईपर्यंत बाजीरावाने तेथेच दिवस काढले. तनखा त्याच्याबरोबरच संपला. दत्तक पुत्र नानासाहेबांना तो मिळाला नाही, आणि १८५७ मध्ये त्याची किंमत दोन्ही पक्षांनी मोजली.

बाजीरावाचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांना मात्र काशीसच ठेवण्यात आले. १८३० मध्ये ते तेथे वारले. त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी काशीतच एक कन्या जन्मली आणि तिचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. चिमाजीअप्पांच्या मृत्यूनंतर त्यांच्या आश्रितांचा आधार तुटला. मोरोपंत मुलीस घेऊन ब्रह्मावर्तास गेले. झाशीच्या राणीचे बालपण असे एका तनख्याच्या छायेतून दुसऱ्या तनख्याच्या छायेत गेले. सरकारी दप्तरात आश्रित म्हणून एकाच माणसाचे नाव असे, पण त्या एका नावामागे कारकून, भिक्षुक, आचारी, विधवा, मुलेबाळे अशी शेकडो माणसे असत. तनखा थांबला की ती सगळी एका दिवसात उघड्यावर येत.

छत्रपतींचा काशीवास

काशीस आलेल्या मराठी राजपुरुषांत सर्वांत करुण कथा छत्रपती प्रतापसिंह महाराजांची आहे. १८१८ मध्ये कंपनीनेच त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले होते. महाराजांनी राज्यात रस्ते केले, साताऱ्यास पाणी आणले, पाठशाळा काढली, ग्रंथांचा संग्रह केला, आणि रोजनिशी ठेवली. जबाबदारीने राज्य करू पाहणारा हा राजा मुंबई सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. त्यांच्यावर तीन आरोप ठेवण्यात आले. कंपनीच्या हिंदी शिपायांना फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केले, आणि नागपूरचे पदच्युत राजे अप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधले. हे अप्पासाहेब त्या वेळी स्वतःच जोधपूरच्या मानसिंह राजाच्या आश्रयास होते. म्हणजे एका निर्वासिताशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून दुसरा राजा निर्वासित होणार होता.

गव्हर्नर कार्नाक याने साताऱ्यास येऊन, अपराध मान्य असल्याचा लेख दिल्यास गादी राहील, असे सुचविले. महाराजांनी नकार दिला. न केलेला अपराध कबूल करून राज्य राखण्यापेक्षा राज्य गेलेले बरे, ही त्यांची भूमिका होती. ५ सप्टेंबर १८३९ रोजी पहाटे रेसिडेंट ओव्हन्स याने राजवाड्यातून त्यांना बाहेर काढले आणि जवळच्या निंब गावी ठेवले. वर्षअखेरीस पहाऱ्यात काशीकडे कूच झाले. महिनोगणती चाललेल्या त्या प्रवासात महाराजांचे आप्त बाळासाहेब सेनापती मरण पावले, आणि त्यांच्या पत्नीने वाटेतच मुलास जन्म दिला. १८४० मध्ये हा तांडा काशीस पोहोचला.

काशीत महाराजांना घर मिळाले, तनखा मिळाला, देखरेखीस लष्करी अधिकारी मिळाला. जे हवे होते ते मिळाले नाही. आपली उघड चौकशी व्हावी, साक्षीपुरावा समोर यावा, एवढीच त्यांची मागणी होती. देखरेखीवरील मेजर कार्पेंटर याला सहवासाने महाराजांच्या निरपराधीपणाची खात्री पटली, आणि त्याने तसे वरिष्ठांस लिहिले. पहारेकऱ्यानेच कैद्याची बाजू मांडावी, हे सरकारला रुचले नाही. नेमलेल्या कामापलीकडे जाऊ नये, अशी समज त्याला मिळाली. इकडे महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये तळ ठोकून होते. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत आणि पार्लमेंटात जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांसारख्यांनी हा प्रश्न लावून धरला, पण निर्णय बदलला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराजांनी काशीतच देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजीराजेही वारले आणि कंपनीने सातारचे राज्य खालसा केले. रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे विलायतेत झगडून रिकाम्या हाताने परतले.

या आठ वर्षांच्या काशीवासात निवासाची व्यवस्था वाईट होती, असे म्हणता येणार नाही. छप्पर होते, अन्न होते, गंगा होती. नव्हता तो न्याय. काशीतील साऱ्या पद्धतीचे मर्म येथे उघडे पडते. सरकारने निवासाचा प्रश्न सोडविला तो मूळ प्रश्न विचारला जाऊ नये म्हणून.

ज्यांनी खरा आश्रय दिला

त्याच काळात आश्रयाचा दुसरा अर्थही जिवंत होता. कंपनीने वारंवार मागणी करूनही जोधपूरच्या मानसिंहाने अप्पासाहेब भोसल्यांना तिच्या हवाली केले नाही. आपल्या जबाबदारीवर त्यांना ठेवून घेतले, आणि १८४० मध्ये अप्पासाहेबांनी तेथेच डोळे मिटले. १८४८ मध्ये महाराजा रणजितसिंहाची राणी जिंदन हिला पंजाबातून काढून काशीस आणले गेले. तेथे तिचे जडजवाहीर जप्त झाले आणि पुढे तिला चुनारच्या किल्ल्यात हलविले. एप्रिल १८४९ मध्ये ती दासीच्या वेषात किल्ल्यातून निसटली आणि मजल दरमजल करीत नेपाळात पोहोचली. पंतप्रधान जंगबहादुराने तिला काठमांडूत राहण्यास जागा आणि खर्चास रक्कम दिली. एकेकाळी नेपाळच्या राजाला काशीने आसरा दिला होता. अर्ध्या शतकानंतर काशीच्या कैदेतून सुटलेल्या राणीला नेपाळने दिला.

जोधपूर आणि काठमांडू येथेही राजकारण होते आणि कंपनीच्या रोषाची भीतीही होती. भेद एवढाच की तेथे शरण आलेला मनुष्य स्वतः होऊन त्या दाराशी गेला होता.

सारनाथची पाठशाळा

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, तिबेटातून दलाई लामा आणि त्यांच्या पाठोपाठ हजारो माणसे हिंदुस्थानात आली. या वेळी निर्णय स्वतंत्र भारताच्या सरकारने घ्यावयाचा होता. आसामात मिसामारी येथे आणि बंगालच्या उत्तर सीमेवर बक्सा येथे तात्पुरत्या छावण्या उघडल्या गेल्या. बक्साच्या ज्या जागी इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते, तेथेच भिक्षूंची सोय करण्यात आली, आणि त्या दमट जागेत अनेकांना क्षयाने गाठले. जुन्या तुरुंगाचे घर करणे सोपे असते, पण भिंती आपला मूळ स्वभाव सहजी सोडत नाहीत. पुढे म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे जमीन दिली आणि शेतीवर आधारलेली वसाहत उभी राहिली. महाराष्ट्रातही तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गोंदियात, अशी एक वसाहत वसली.

काशीच्या वाट्याला यातील वेगळेच काम आले. १९६७ मध्ये सारनाथ येथे, संस्कृत विश्वविद्यालयाची शाखा म्हणून, तिबेटी उच्च अध्ययनाची संस्था सुरू झाली. भारतात लुप्त झालेले अनेक संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषांतरांच्या रूपाने टिकून होते. ते पुन्हा संस्कृतात आणण्याचे काम या आश्रितांनी हाती घेतले. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. म्हणून आजही या माणसांचे स्थान सरकारी परवान्यांवर आणि नोंदणीपत्रांवर अवलंबून असते. तरीही रेसिडेंटच्या पहाऱ्यातील वाडा आणि सारनाथची पाठशाळा यांत मोठे अंतर आहे. पाठशाळेने आश्रितांस राहावयास जागा दिलीच, शिवाय त्यांची भाषा, त्यांचे गुरू आणि त्यांचे काम त्यांच्याच हाती ठेवले. पैठणच्या भट्टांना काशीने जे दिले होते, त्याच जातीचे हे देणे आहे.

शिवाल्याचा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीनरेश प्रभुनारायणसिंह यांनी परत मिळविला. तो आजही नदीकाठी उभा आहे. ज्या खिडकीतून चेतसिंह उतरला त्या वाड्यात त्याच्यानंतर जे राहिले, त्यांना छप्पर होते, तनखा होता, मानमरातबही होता. त्यांच्या निवासाची व्यवस्था चोख होती की नाही, हे दप्तरे तपासून सांगता येईल. त्यांना आश्रय मिळाला होता की नाही, हे ठरविण्यास मात्र एकच गोष्ट पाहावी लागते. त्या घराच्या दाराची कडी आतल्या बाजूस होती, की बाहेरच्या.